आधी वाट, मग दिवा

आषाढातल्या अमावास्येला सगळीकडे दिवे लागतात. घासूनपुसून लख्ख केलेल्या समया आणि निरांजनं पाटावर मांडली जातात, त्यांना हळदकुंकू वाहिलं जातं. साकुरदऱ्यात मात्र त्या सांजेला एकाही घरात वात पेटत नाही. सूर्य डोंगराआड गेला की सगळा गाव रानजाईच्या देवळापुढच्या काळ्या कातळावर जमतो. त्या कातळात पांढऱ्या गारगोट्यांची एक नागमोडी ओळ बसवलेली आहे. देवळाच्या पायरीपासून निघते ती गावशिवेच्या धोंड्यापर्यंत जाते. अंधार दाटत असताना प्रत्येकानं त्या ओळीवरून, काठी न टेकता, कुणाचा हात न धरता चालायचं. पाटलाच्या घरातला कर्ता माणूस पहिला, मग म्हातारेकोतारे, गरोदर बाया, पोरं. शेवटचा माणूस शिवेला पोचला की मगच गावात पहिला दिवा लागतो.

बाहेरून आलेल्या माणसाला हे नवल वाटतं. असं का, म्हणून विचारलं तर लोक बुधाजी भांगऱ्यांकडे बोट दाखवतात. बुधाजी त्याच शिवेच्या धोंड्याला टेकून बसलेले असतात. पाहुण्याला ते आधी पाणी विचारतात आणि मग भिवरेची गोष्ट सांगतात.

भिवरा ही या गावची सुईण. किती पिढ्यांपूर्वीची ते कुणाला ठाऊक नाही. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, पण बघायला फार, असं तिचं वर्णन करतात. बाळंतिणीच्या खोलीत शिरली की आधी नखं बघायची, जीभ बघायची, खालची पापणी ओढून आतला रंग बघायची आणि मगच पोटाला हात लावायची. कुणी म्हटलं, "मावशे, पोट दुखतंय आणि तू डोळं काय बघतीस," तर ती म्हणे नुसती हसायची.

तिच्या काळात गावावर एक नवस होता. काही वर्षांपूर्वी गुरांमध्ये बुळकांडी आली होती. गोठेच्या गोठे रिकामे होत चालले, तेव्हा हैबती पाटलानं रानजाईपुढे पदर पसरला. तो म्हणाला होता, उरलेली गुरं वाचव, साकुरदऱ्याचा माणूस तुझ्या डोंगरावरचं हिरवं पान खुडणार नाही. तिथं तुझी गुरं चरतील. रोग थांबला. गुरं वाचली, आणि गावानं शब्द पाळला. पावसाळ्यात डोंगर टाकळा, कुरडू, भारंगी, कवळा यांनी नुसता भरून यायचा, शेवग्याच्या फांद्या पाल्यानं वाकायच्या, पण कुणी हात लावत नव्हतं. खाली परसात पिकवावं एवढी माती नव्हती. दूध होतं ते गोठे पुन्हा भरावेत म्हणून वासरांना सोडलेलं. माणसं नाचणीची भाकरी, हुलग्याचं कढण आणि मिठाची कणी यांवर राहत. पोट भरत होतं, म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

मग एका चैतात कोंडा मेली. कोंडा म्हणजे गावातली नवी सून, सहा महिन्यांची गरोदर. सांजेला झऱ्यावर पाण्याला गेली ती परत आलीच नाही. सकाळी ती खालच्या घळीत सापडली. ज्या वाटेनं ती रोज जायची, त्याच वाटेवरून पाय गेला होता. झऱ्यावरच्या आसरांनी ओढून नेली, असं लोक म्हणाले आणि भगतानं तिथे नारळ फोडला.

कोंडाला अखेरची अंघोळ घालायला भिवरा होती. अंगावर पाणी ओतताना तिला कोंडाच्या नडग्या दिसल्या. त्यांवर डागच डाग होते. काही ताजे, काही जुने, पिवळे पडत चाललेले. मारहाणीचे असतील असं आधी वाटलं, पण पाठ कोरी होती, दंड कोरे होते. डाग नुसते गुडघ्याखाली, पुढच्या अंगाला, आणि उजव्या हाताची बोटं चुलीवर भाजलेली. भिवरा पाणी ओतायची थांबली. ही पोर कितीतरी दिवस उंबऱ्याला, जात्याला, दावणीला ठेचकाळत होती, आणि एका शब्दानं कुणाला बोलली नव्हती.

त्या दिवसापासून भिवरेला एक नाद लागला. ती बायांच्या नडग्या बघू लागली. पाणवठ्यावर लुगडं वर खोचलेलं असलं की तिचं लक्ष तिकडेच. पोरांना जवळ घेऊन त्यांचे गुडघे चाचपायची. आणि तिला दिसत गेलं, की एका-दोघींचं हे नव्हतं. सांजेला काही बाया भिंतीला हात लावून चालतात, काही पोरं खेळ अर्धा टाकून आईच्या पदराशी येऊन बसतात. दिवसा मात्र सगळे धडधाकट. विचारलं की उत्तर एकच यायचं, "काही न्हाई मावशे, दमायला झालंय." आंधळी सून कोण ठेवून घेणार? माहेरी पाठवतील या भीतीनं बायांची तोंडं शिवलेली होती.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी तिला डोंगरापलीकडच्या ठाकरवाडीत बाळंतपणाला बोलावणं आलं. बाळंतीण मोकळी झाली तेव्हा दिवस मावळला होता. भिवरा अंगणात येऊन बसली आणि बघते तर काय, अंधुक उजेडात वाडीची पोरं दगडादगडांवरून शेळ्यांच्या मागे उड्या मारत होती. एकही चुकत नव्हतं. वाडी साकुरदऱ्याहून गरीब. मग हे कसं? तिनं घरच्या म्हातारीला विचारलं, तुम्ही डोळ्यात काय घालता? म्हातारीला हसू आलं.

"डोळ्यात काय घालायचं बाई? पोटात घालतो," असं म्हणून तिनं पानावर शिजवून घोटलेल्या पाल्याचा ढीग वाढला. "सांजेचं दिसंना झालं की आमच्यात पाला वाढवत्यात. कुणी शेळीचं काळीज देतं. तुमच्यात देत न्हाईत व्हय?"

भिवरेनं एक घास घेतला. पाल्याची चव ती विसरून गेली होती.

गावात आल्यावर ती पाटलाकडे गेली. हैबती पाटलानं तिचं सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. पण देवीला दिलेला शब्द एका सुईणीच्या सांगण्यावरून मोडायचा म्हणजे उद्या गुरांवर पुन्हा काय येईल, ते कोण निस्तरणार, असं तो म्हणाला. चार बायांना सांजेचं दिसत नाही, म्हणून सगळ्या गावानं पाप घ्यायचं का?

"चारच हैत का ते बघू," भिवरा म्हणाली. "समद्यांनी चालायचं. कुणा एकीला उभी करायची न्हाई."

पाटलाला यात काही गैर दिसेना, का त्याला नाही म्हणता येईना, कोण जाणे. भिवरेनं ओढ्यातून पाट्या भरभरून गारगोट्या आणल्या आणि कातळावर त्यांची ओळ मांडली, मुद्दाम वाकडीतिकडी, वाट पाठ झालेल्या पायांना फसवेल अशी. आषाढाची अमावास्या ठरली, कारण त्या सांजेला चांदणं नसतं. दिवे लावायचे नाहीत, असं तिनं घरोघर सांगितलं.

पावसानं उघडीप दिली होती. गाव जमला. बाया मागे मागे सरत होत्या. भिवरेनं हे ओळखलं आणि ती पाटलाला म्हणाली, "पाटील, नवस तुमचा. पहिलं पाऊल तुमचं."

हैबती पाटील पायरीवरून उतरला. पहिल्या गारगोटीवर त्याचा पाय पडला, दुसरीवरही पडला. मग ओळ डावीकडे वळली आणि पाटील सरळ चालत राहिला. सगळा गाव बघत होता. तो काळ्या कातळावर बराच पुढे गेला, एका खाचेत अडखळला आणि हात पुढे करून जागीच उभा राहिला. दिवस मावळला की पाटील देवघरात जपाला बसतो, बाहेर येत नाही, हे गावाला माहीत होतं. जप कसला होता, ते तेव्हा कळलं.

"मला दिसत न्हाई," पाटील म्हणाला. "दोन पावसाळं झालं."

त्यानंतर कुणी मागे सरलं नाही. एकामागून एक माणसं चालली. कितीतरी जणं ओळ सोडून भरकटली. त्यांत भिवरेची लेक गंगू होती. गंगू गावातच दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना भरत आलेला. साऱ्या गावाच्या नडग्या बघणाऱ्या भिवरेनं पोटच्या पोरीच्या कधी बघितल्या नव्हत्या. गंगू भलतीकडेच चालत निघाली तेव्हा भिवरेनं धावत जाऊन तिला धरलं.

आता देवीला विचारायचं ठरलं. भगतानं देवीच्या तांदळ्याला, शेंदूर फासलेल्या त्या पाषाणाला, दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि कौल मागितला. उजवी पाकळी पडली तर नवस सुटला, डावी पडली तर नाही. गाभाऱ्यातही दिवा लावलेला नव्हता आणि काळोख होत आला होता. पाकळी पडल्याचं कळलं, पण कोणती ते ना भगताला दिसलं, ना पाटलाला. भगत म्हणाला, "भिवरे, तूच वाक आणि सांग."

भिवरा वाकली. तिला दिसत होतं. मागे लेक उभी होती, तिच्या पोटात नातवंड होतं, आणि ती जे म्हणेल ते सगळा गाव खरं मानणार होता. बराच वेळ ती तशीच वाकून होती, असं सांगतात.

मग ती उठली आणि म्हणाली, "डावी."

बाहेर कुणीतरी हुंदका दिला. भिवरा देवळातून बाहेर आली, गारगोट्यांच्या ओळीवरून चालत शिवेपर्यंत गेली, धोंडा ओलांडून पलीकडे उभी राहिली आणि तिथून बोलली.

"देवी न्हाई म्हणाली, तर नवस मोडायचा न्हाई. पण शब्द काय दिला हुता? साकुरदऱ्याचा माणूस पान खुडणार न्हाई. खाणार न्हाई, असं कुणी म्हणलं न्हवतं. आजपासनं मी साकुरदऱ्याची न्हाई. मी खुडीन. देवीला राग आला तर ती माझ्याकडं बघंल."

पाटलानं तिला परत फिरायला सांगितलं. गंगू रडली. पण भिवरा म्हणे त्या क्षणापासून पुन्हा शिवेच्या आत आली नाही. धोंड्यापलीकडे तिनं पळसाच्या पानांची खोप घातली. पहाटेपासून ती डोंगरावर पाला खुडायची, मोठ्या मडक्यात शिजवायची आणि मडकं धोंड्यावर आणून ठेवायची. आधी स्वतः खाऊन दाखवायची. पहिले काही दिवस लोक लांबून बघत राहिले. तिला काही होत नाही, गुरांनाही काही होत नाही, हे पाहून पाटील वाडगा घेऊन आला. मग सगळेच आले. श्रावण गेला, भादवा गेला. बायांना पोट दाखवायला आता शिवेवर यावं लागे, बाळंतपण गावातल्या बाया करत. भिवरा त्यांच्यासाठी गावात पाऊल टाकत नसे.

घटस्थापनेनंतर गंगूच्या कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. गावातल्या बायांनी दुपारभर खटपट केली आणि दिवस कलला तेव्हा हात टेकले. भिवरेला निरोप गेला. ती शिवेच्या धोंड्याशी आली, धोंड्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि पाऊल काही पुढे टाकेना. लेक हाकेच्या अंतरावर मरणाच्या दारात. एक पाऊल टाकलं असतं तर ती पुन्हा साकुरदऱ्याची झाली असती आणि गावानं आजवर खाल्लेला प्रत्येक घास नवसभंगाचा ठरला असता.

तिकडे हैबती पाटलानं बाज मागवली. गंगूला बाजेवर घेतलं आणि चौघांनी उचलली. पाटील पुढच्या पायाला खांदा देऊन होता. तिन्हीसांज झाली होती, घरांत अजून दिवे लागले नव्हते. कुणीतरी म्हणालं, थांबा, टेंभा पेटवतो. पाटील थांबला नाही.

"दिसतंय," एवढंच तो म्हणाला.

भिवरा शिवेवर उभी राहून बघत होती. काळ्या कातळावरून बाज येत होती. ओळ वळली तिथे पाटील वळला. पुन्हा वळली, पुन्हा वळला. ज्या पोरांनी आषाढात आईचा पदर सोडला नव्हता, ती बाजेच्या पुढे धावत होती. बाज धोंड्यापलीकडे उतरली तेव्हा भिवरेनं आधी पाटलाच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाह्या सारल्या आणि लेकीच्या पोटाला हात लावला.

गंगू वाचली. मुलगी झाली. ती शिवेबाहेर जन्मली, म्हणजे साकुरदऱ्याची नव्हे. भिवरेमागून पाला खुडायचा मान तिला गेला. भिवरा त्या खोपीतच म्हातारी झाली आणि तिथेच गेली. ती गेल्यावर डोंगर त्या वर्षी अवेळी, ऐन माघात हिरवा झाला होता, असं काही लोक सांगतात. बुधाजी हे सांगतात खरे, पण वर म्हणतात, "मी काही पाहिलं नाही."

नवस मात्र अजून फिटलेला नाही. आजही साकुरदऱ्यात नांदणारा माणूस रानजाईच्या डोंगरावरचं पान खुडत नाही. अमावास्येच्या सकाळी दुसऱ्या गावी दिलेल्या लेकी येतात. लग्नानं त्या परगावच्या झालेल्या, म्हणून पान खुडायला मोकळ्या. त्या पाट्या भरून पाला आणतात आणि शिवेबाहेर मोठी पातेली चढवतात. अलीकडे उपकेंद्रातल्या नर्सबाई धोंड्याजवळ खुर्ची टाकून बसतात. ओळीवरून जो भरकटतो त्याला लेकी आधी जेवायला वाढतात, मग बाई त्याचे डोळे पाहून औषध देतात, गरज वाटली तर तालुक्याला पाठवतात. भरकटलेल्याला हसायचं नाही, असा गावाचा दंडक आहे. आजही पहिलं पाऊल पाटलाच्या घरचं असतं. आणि शेवटचं पोर शिवेला पोचलं की धोंड्यापलीकडून एखादी माहेरवाशीण गावाकडे तोंड करून हाक देते, "समदी आली गं, लावा दिवं."