जाड फांद्या, मोठी पानं

फार वर्षं झाली त्याला. फुटलेल्या जहाजाची फळी धरून एक चिनी माणूस खाडीकाठच्या वाळणवाडीला लागला. कमरेपर्यंत वेणी, अंगावर चिंध्या. नाव कुणी नीट विचारलं नाही. गाव त्याला चिन्या म्हणू लागलं.

होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी तो बुजवायचा. कापसाची वात राळेत भिजवून ठोकून बसवायचा. होडी कोरड्या वाळूवर असली, तरी फटीला कान लावून उद्याचं पाणी त्याला ऐकू यायचं, असं म्हणतात.

काम त्याच्याकडून घेत, पण घरात कुणी घेत नसे. कुणी काम नुसतं उरकलेलं दिसलं की तो पुटपुटे, "जाड फांद्या, मोठी पानं." आमच्या मुलखात असं बोलतात, एवढंच सांगे. पण ज्या होडीवर तो हे बोले ती हमखास गळू लागे. लोकांना संशय आला, याच्या जिभेतच काहीतरी आहे.

राघो तांडेलानं नवी होडी बांधायला घेतली. त्याच्या लेकीचं, चंद्राचं वऱ्हाड तिच्यातूनच पलीकडे जायचं होतं. मुहूर्त तोंडावर आला, तेव्हा सुतारानं उरलेल्या फटी स्वतःच भरल्या आणि वरून राळ फासली. सकाळी पाहतात तर चिन्या होडीत घागरीनं पाणी ओततोय! नवी होडी समुद्राला लागण्याआधी तिच्यात पाणी, याहून मोठा अपशकुन त्या गावात नव्हता.

"माझ्या पोरीच्या होडीवर करणी करतोस?" राघो ओरडला.

"आत नको, बाहेरून बघ तांडेल. थेंब बघ."

कुणी वाकलं नाही. तेव्हा त्यानं बोटानं वाळूत एक झाड काढलं.

"आता यंत्र मांडतोय बघा!" सुतार म्हणाला.

त्याला माडाला बांधलं. पाणी उपसलं, नारळ फोडला, होडी निघाली.

मुलीच्या आईनं वऱ्हाडाबरोबर जायचं नाही, अशी तिथली रीत. जानकू काठावर राहिली. ती वाळूतल्या झाडाकडे बघत होती. जाड फांद्या, मोठी पानं, आणि बारीक डहाळी एकही नाही. लांबून झाड, जवळून काहीच नाही.

"अगो बाई," ती म्हणाली, "ही तर आपली होडी!"

तेवढ्यात खाडीच्या मध्यावरून चंद्राची किंकाळी आली. चिन्याचा दोर कुणी कापला ते जानकूनं मरेपर्यंत सांगितलं नाही. चिन्या पाण्यावरून धावत गेला, असं म्हणतात, आणि होडीखाली दिसेनासा झाला. होडीत शिरणारं पाणी थांबलं. वऱ्हाड सुखरूप पोचलं.

होडी उलटी केली तेव्हा फटीत त्याची वेणी ठोकून बसवलेली होती, नखसुद्धा जाणार नाही इतकी घट्ट. तो मात्र कुठेच सापडला नाही. भोक त्यानंच पाडलं होतं, असं काही जण पुढेही म्हणत राहिले. सुतार सगळ्यांत जास्त दिवस म्हणत होता. खरं काय, कोण सांगणार?

आजही वाळणवाडीत भांडं अर्धवट घासलं, गाठ सैल मारली, की पोरीबाळीसुद्धा म्हणतात, "जाड फांद्या, मोठी पानं." आणि नवी होडी समुद्राला लावण्याआधी, चिनोबाच्या नावानं, तिच्यात काठोकाठ पाणी भरतात. बांधणाऱ्याला लांब उभं करतात. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई वाकून बाहेरून प्रत्येक फटीवर बोट फिरवते.

बोट ओलं निघालं, तर मुहूर्त जाऊ देतात.