रखमाजी चिताऱ्याचे घुबड

एका राज्यात रखमाजी नावाचा चितारी राहत असे. माणूस पाहिला की त्याला त्यातले जनावर दिसे, आणि दिसले की ते कागदावर उतरे. प्रधानजींचा त्याने पगडी घातलेला बोकड केला होता, महाराजांचे राजदंड धरलेले कासव. बायको सगुणा हिची नथ घातलेली साळुंकी केली होती, कारण ती पहाटेपासून बोलत असे.

पण त्याच्या घराण्याची एक रीत होती. चित्रातले डोळे सर्वांत शेवटी रंगवायचे, आणि तेही ज्याचे चित्र त्याला समोर बसवून. मग तो माणूस आधी रुसे, नंतर हसे आणि चित्र घरी नेऊन भिंतीला लावी.

एकदाच ही रीत मोडली. डोंगरावरचा मांत्रिक धुंडीनाथ याचे घुबड रखमाजीने माघारी काढले, माघारीच डोळे रंगवले आणि चव्हाट्यावर टांगले. सारे नगर हसून झाल्यावर ते धुंडीनाथाच्या नजरेस पडले. त्याने आपले चित्र टराटरा फाडले आणि तो म्हणाला, "तुझी बाकीची चित्रे खरी होवोत."

ती झाली. रखमाजी घरी आला तेव्हा चुलीपुढे एक साळुंकी बसली होती, नाकात नथ. बोलणे तेच होते, पण शब्द गळू लागले होते. सकाळी ती 'उंबरा' विसरली, दुपारी 'मीठ'.

"तुमचं नाव मी कधी घेतलंच नाही," ती म्हणाली. "पण 'अहो' विसरले की समजा, मी थव्याबरोबर गेले."

रखमाजी धावत डोंगर चढला आणि मांत्रिकाच्या पायाशी बसला. धुंडीनाथाने उःशाप सांगितला. तिघांना आपापल्या रूपावर मनापासून हसवायचे. पहिला प्रधान, दुसरा राजा. तिसऱ्याचे नाव त्याने सांगितले नाही, तोंड फिरवून घेतले.

बोकड झालेले प्रधानजी कचेरीत प्रजेचे अर्ज खात होते. रखमाजीने नम्रपणे सांगितले, की अर्ज नाहीसे होण्याची लोकांना सवय आहे, पण चावून नाहीसे होताना ते प्रथमच पाहत आहेत. प्रधानजींना ठसका लागला, आणि ठसक्यातून हसू फुटले.

महाराज सिंहासनावर पाय आत घेऊन बसले होते. रखमाजी म्हणाला, "महाराज, आपण कासव झालात हे दरबाराला अजून कळलेले नाही. निकाल नेहमीच्याच वेगाने लागत आहेत." मान आत गेली. बराच वेळ काहीच घडले नाही. मग पाठीची ढाल गदगदा हलू लागली.

तो घरी डोकावला. साळुंकी उंबऱ्याकडे बघत होती. "अ," ती म्हणाली, आणि पुढचे तिला आठवेना. बाहेर झाडावर थवा उतरला होता.

आता तिसरा कोण, हे रखमाजीला उमगले. तो कुंचला घेऊन पुन्हा डोंगरावर गेला.

"समोर बसा," तो मांत्रिकाला म्हणाला. "माझं चुकलं. हे आधीच म्हणायला हवं होतं."

धुंडीनाथ बसला. त्याला असे समोर बसवून कोणी कधी पाहिलेच नव्हते. कागदावर घुबड पुन्हा तेच झाले, तशाच भुवया, तसाच फुगलेला गळा. शेवटी रखमाजीने डोळे रंगवले, आणि मांत्रिकाच्या शापाने मांत्रिकच घुबड झाला. हा न हसला तर सगुणा गेली.

घुबडाने कमंडलूतल्या पाण्यात वाकून पाहिले. मान एकीकडे वळवली, मग पार मागे.

"चोच अजून मोठी हवी होती," ते म्हणाले आणि हसू लागले. हसता हसता पिसे गळाली.

खाली प्रधानांना हात आले, राजाला पाठ आली. रखमाजी निघताना धुंडीनाथ दारात घुटमळत उभा राहिला. रखमाजी म्हणाला, "जेवायलाच चला."

पुन्हा माणूस झालेल्या सगुणेने पाहुण्याला पाटावर बसवले. डोंगरावर राहून माणूस किती वाळतो, गुहेत ओल कशी असते, घुबड कसे रूपाला शोभले, हे सारे ती वाढता वाढता सांगत राहिली. चौथ्या पोळीला नको म्हणण्यासाठी महामांत्रिक धुंडीनाथाने तोंड उघडले, पण मध्ये जागाच मिळाली नाही. त्याने पोळी खाल्ली.