तळ्याचे दार

नदीने पात्र बदलल्याला बारावे वर्ष होते आणि वैशाख निम्मा सरला होता. त्या राज्यात पाणी एकाच तळ्यात उरले होते. तळ्याला दगडी कोट, कोटाला एकच दार, दाराला काट्यांचे झाप. झापाशी कुत्रे बसत. लांडग्यांपासून तळे राखतात म्हणून ते आधी पीत, आणि पोट फुटेस्तोवर पीत. तळाशी गढूळ उरे ते गाढवे-बैल अशा ओझेवाल्यांना. लांडगा मात्र कैक वर्षांत कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता.

गादीवर बख्तावर उंट होता. तो मूळचा मिठाचा व्यापारी. खारट टेकडीवरून स्वतःच्या पाठीवर मीठ वाहून त्याने धंदा उभा केला, मग गाढवांचा तांडा केला. त्याचे माप चोख होते आणि त्याचा त्याला ताठा होता. तेव्हा गादीवर वळू होता. ‘मीठ सगळ्यांचे’ असे म्हणून वळूने टेकडी काढून घेतली आणि बख्तावर उघड्यावर आला. मग एका सकाळी वळू दिसेनासा झाला. कुत्र्यांचा नाईक जबरा याने टेकडी बख्तावरला परत दिली.

“काय द्यायचं?” बख्तावरने विचारले.

“घरच्या माणसाकडून कोणी घेतं का?” जबरा हसला. “असू दे.”

पुढे त्यानेच बख्तावरला गादीवर बसवले. “आम्हाला बसायची सवय नाही. आम्ही मागे उभे बरे,” म्हणाला. मिठाचा खडाही बख्तावर कधी फुकट घेत नसे. गादी मात्र त्याने फुकट घेतली, आणि ती आपलीच समजला.

त्या वैशाखात जुलेखा गाढवीण त्याच्याकडे आली. पहिल्या खेपेपासून ती त्याच्या तांड्यात होती.

“राजे म्हणू की शेठ?”

“शेठच म्हण.”

“मग शेठ, मिठाचं माप चोख ठेवलंत, पाण्याचंही ठेवा. लेक व्यायली आहे माझी. गढूळ पिऊन तिला दूध उतरत नाही. पिल्लू दोन दिवस काढेल, तिसरा नाही.”

बख्तावर तिच्या सोलवटलेल्या पाठीकडे बघत राहिला.

“उद्या दिवस उगवताच या,” तो म्हणाला. “आधी तुम्ही पिणार. मग कुत्रे.”

हे जबराच्या कानावर जायला वेळ लागला नाही. संध्याकाळी तो आला आणि गादीच्या मागे उभा राहिला.

“दार उघडताय म्हणे?”

“गादी माझी. दार माझं.”

“विकत कधी घेतलीत?”

बख्तावरने मान वळवून मागे पाहिले.

“टेकडीचं देणं आहे. गादीचं आहे,” जबरा शांतपणे म्हणाला. “आम्ही कधी तोंडाने मागितलं नाही.”

“किती मीठ हवं?”

“मीठ घेऊन आम्ही काय करू? पोरं झापाशी बसून कंटाळलीत. उद्या दारात तुम्ही बसा.”

“आणि नाही बसलो तर?”

“वळूही असंच विचारायचा,” जबरा म्हणाला आणि निघून गेला.

दिवस उगवला तेव्हा ओझेवाले कोटासमोर उभे होते. पुढे जुलेखा, तिच्याशेजारी लेक, लेकीच्या पायांत लटपटणारे पिल्लू. कुत्र्यांनी झाप ओढून बाजूला टाकले. कितीतरी वर्षांनी दार सताड उघडले, आणि आतले पाणी सगळ्यांना बाहेरून दिसले. कोणीतरी आनंदाने ओरडले.

“बघ गं,” जुलेखा लेकीला म्हणाली, “आपला शेठ आहे तो.”

मग बख्तावर आला. ओझेवाल्यांनी त्याला वाट करून दिली. दारात येऊन तो आडवा वळला. त्याने पुढचे गुडघे दुमडले, मग मागचे, आणि तो बसला. दार त्याच्या अंगाने पुरते भरले. पाणी दिसेनासे झाले.

“शेठ, जरा सरका,” जुलेखा म्हणाली.

बख्तावर तिच्या डोक्यावरून दूर कुठेतरी पाहत राहिला. त्याच्या पाठीमागे कुत्रे लपलप पाणी पीत होते.

देणे फिटले.