रंध्याचे ठिगळ

एका राज्यात सूर्यकेतू नावाचा राजा होता. त्याच्या महालाला तीन सागवानी खिडक्या. एका जादूगाराने राजाच्या आजोबांना मंतरलेला साग दिला, तेव्हा बजावले होते, "याच्या खिडक्यांना दरवर्षी जवसाचे तेल लावा. दुसरे काही नको."

पण ऐकेल तो सूर्यकेतू कसला! त्याने सोनेरी रंगाचे सात थर चढवले. आत लाकूड घुसमटले, ओल धरून कुजले. एके सकाळी तिन्ही खिडक्या गच्च मिटल्या आणि त्याच घटकेला राजाची दृष्टीही गेली.

चौकटीवर कोरलेला लाकडी राघू बोलला, "नव्या खिडक्या चालणार नाहीत. याच खिडक्या, याच झाडाच्या लाकडाने सांधा. मगच दृष्टी येईल."

मोठमोठ्या सुतारांनी काढता पाय घेतला. आली ती एकटी साळूबाई सुतारीण.

"महाराज, या खिडक्या माझ्या आजोबांनी घडवल्या. त्या अशा राहिल्या, तर आमच्या घराण्याची मान खाली जाईल."

"किती दिवस लागतील?"

"लाकूड सांगेल तेवढे."

पहिल्या खिडकीचा रंग तिने खरवडून काढला. खिडकी उघडली, राजाला उजेड कळला. दुसरीचा कुजका भाग कापून तिने माळ्यावर सापडलेली त्याच सागाची फळी सांधली, एकही खिळा न मारता. तीही उघडली, राजाला आकार दिसू लागले. तिसरीला मात्र वीतभर लाकूड कमी पडले, आणि ते झाड तर कधीच संपले होते.

राघू म्हणाला, "लाकूड तुझ्या हातात आहे."

हातात आजोबांचा रंधा होता! त्याच सागाच्या उरल्या तुकड्याचा, तीन पिढ्यांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेला. अहो, सुतारणीने आपला रंधा कापायचा? साळूबाई ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने करवत उचलली.

रंधाच उरला नाही, म्हणून ते ठिगळ तिने पटाशीने तासून बसवले. तिसरी खिडकी उघडली आणि राजाला लख्ख दिसू लागले.

प्रधान पुटपुटला, "ठिगळ फार काळपट दिसते, महाराज. वरून थोडा रंग द्यावा का?"

"खबरदार!" राजा गरजला. "याहून मानाचे या महालात काही नाही. साळूबाई, तुला सोन्याचा रंधा देतो."

"सोन्याच्या रंध्याने लाकूड तासता येत नाही, महाराज. तेल तेवढे चुकवू नका, तेही स्वतःच्या हाताने."

आजही त्या राज्यात नवा राजा आधी खिडक्यांना तेल लावतो. राघू विचारतो, "हे ठिगळ कुणाचे?" राजा मान लववून म्हणतो, "साळूबाईचे." मगच त्याच्या डोक्यावर मुकुट चढतो.