फुटकी शिट्टी आणि तांबडी कुत्री

डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांचे एक गाव होते. गोष्ट इतकी जुनी आहे की त्या गावाचे नावही आता कोणाला आठवत नाही. तिथे एक तरुण मेंढपाळ राहत असे. त्याच्याकडे चाळीस मेंढ्या होत्या आणि एक तांबडी कुत्री होती. ती त्याची पहिलीच कुत्री. पिल्लू असताना त्याने तिला घोंगडीत गुंडाळून आणले होते. तेव्हा मेंढ्या कशा वळवायच्या हे तिला ठाऊक नव्हते, आणि कुत्र्याला कसे शिकवायचे हे त्यालाही ठाऊक नव्हते.

गावातल्या सगळ्या कुत्र्यांना तीनच शिट्ट्या शिकवत. एक लांब शिट्टी म्हणजे डावीकडे जा, एक आखूड म्हणजे उजवीकडे जा, आणि लागोपाठ दोन म्हणजे खाली बस. पण झाडावरून पडल्यामुळे या तरुणाचे पुढचे दोन दात गेले होते. त्या फटीतून वारा निसटायचा. लांब शिट्टी मध्येच तुटायची, आखूड शिट्टी उगाच लांबायची. त्याला मात्र ती झकास वाटायची. स्वतःची शिट्टी कोणाला वाईट वाटते?

दर वर्षी जत्रेत मेंढ्या वळवण्याची शर्यत लागे. मेंढपाळाने चुना लावलेल्या दगडापाशी उभे राहायचे, दोन्ही हात काठीवर ठेवायचे आणि नुसत्या शिट्टीवर कुत्र्याकडून पाच मेंढ्या जाळीच्या कुंपणात घालायच्या. जिंकणाऱ्याचा कळप उन्हाळ्यात वरच्या हिरव्या कुरणात सगळ्यांच्या आधी जाई. हरणाऱ्याला पंच एकच प्रश्न विचारत, "चूक कोणाची?" उत्तर सगळ्या गावासमोर द्यावे लागे. मग दुसऱ्या दिवशी त्याला आणखी एक संधी मिळे.

तरुणाच्या चार मेंढ्या आत जात आणि पाचवी पळे. दोन वर्षे हेच झाले. तिसऱ्या वर्षीही पहिल्या दिवशी तेच झाले.

"चूक कोणाची?" पंचांनी विचारले.

"कुत्रीची," तरुण म्हणाला. दोन्ही वर्षे त्याने हेच उत्तर दिले होते. कुत्री त्याच्या पायाशी धापा टाकत बसली होती.

एक म्हातारा मेंढपाळ ते ऐकत होता. त्याने ही शर्यत सात वेळा जिंकली होती. तो म्हणाला, "पोरा, कुत्रीच वाईट असेल तर बदल की! माझा काळा कुत्रा तू घे, तांबडी मला दे. पण ही अदलाबदल कायमची."

तरुणाला वाटले, म्हाताऱ्याला वेड लागले. त्याने लगेच तांबडीची दोरी म्हाताऱ्याच्या हातात दिली. तांबडी मागे वळून बघत राहिली. त्याचे लक्ष काळ्याकडे होते.

दुसऱ्या दिवशी तो ऐटीत दगडापाशी उभा राहिला. मेंढ्या सुटल्या. त्याने लांब शिट्टी घातली. ती मध्येच तुटली आणि तिच्या दोन झाल्या. काळा जागच्या जागी खाली बसला. तरुणाने घाईघाईने आखूड शिट्टी घातली. ती लांबली. काळा उठला आणि सरळ डावीकडे धावला. पाचही मेंढ्या उजवीकडच्या ज्वारीत घुसल्या. लोक पोट धरून हसले.

"चूक कोणाची?" पंचांनी विचारले.

तरुणाने तोंड उघडले, पण "कुत्र्याची" म्हणता येईना. काळ्याने जे ऐकले तेच केले, हे सगळ्या गावाने पाहिले होते.

त्याने म्हाताऱ्याकडे पाहिले. "बाबा, मग माझ्या कुत्रीला ही शिट्टी कळायची कशी?"

"कळत नव्हतीच," म्हातारा म्हणाला. "काल संध्याकाळी मी तिला शिट्टी घातली. ती हललीसुद्धा नाही. माझ्या खांद्याकडे बघत बसली. तुला डावीकडे पाठवायचं असलं की तुझा डावा खांदा आधी पुढे येतो. तुझ्या शिट्टीचा नाद तिने केव्हाच सोडलाय. ती तुझ्या मनातलं खांद्यावर वाचते. कधी चुकते, तेव्हा एक मेंढी पळते."

तरुणाला फार लाज वाटली. आत गेलेल्या चार मेंढ्या कोणामुळे गेल्या, ते त्याला आता कळले. त्याने डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"चूक माझी," तो पंचांना म्हणाला. "आजची, आणि मागच्या सगळ्या वेळांचीही." मग तो म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, बोली कायमची होती. तिला परत मागायला मला तोंड नाही. एवढंच सांगतो, तिला भाकरी दुधात भिजवून लागते."

म्हाताऱ्याने तांबडीची दोरी सोडून दिली आणि काळ्याला आपल्याकडे बोलावले.

तांबडी तरुणाच्या अंगावर उडी मारायला गेली नाही. ती नेहमीच्या जागी, चुन्याच्या दगडापाशी जाऊन बसली आणि त्याच्या खांद्याकडे बघू लागली. ती काम सांगण्याची वाट बघत होती. तरुण भर मैदानात रडला.

वर्षभर त्याने रोज माळावर जाऊन शिट्टीचा सराव केला, पण दातांतली फट होती तशीच राहिली. पुढच्या जत्रेत पुन्हा चारच मेंढ्या आत गेल्या.

"चूक कोणाची?" पंचांनी विचारले.

"माझी," तरुण म्हणाला आणि दुधात भिजवलेली भाकरी त्याने आधी तांबडीपुढे ठेवली.

या गोष्टीचे तात्पर्य: आपण केलेल्या चुका जो न बोलता सांभाळून घेतो, त्याच्याच माथी आपण त्या मारतो. दोष देण्याआधी आपली शिट्टी ऐकून पाहावी.