विहीणबाईंचा रतीब

एका गावात गेनू नावाचा एक भोळा गवळी होता. त्याच्यापेक्षा म्हशीला जास्त कळायचं. पण म्हशीला दूध घालायला दारोदार पाठवता येत नाही, म्हणून त्याची बायको हौसा त्यालाच पाठवायची.

"रतीब म्हणजे रतीब," तिनं बजावलं. "गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं बंद म्हणेपर्यंत एक दिवस खाडा करायचा नाही."

आबा सुतार कुलूप लावून आठ दिवस लेकीकडं गेले. गेनूनं रोजचं दूध दाराच्या फटीतून आत ओतलं. आबा परतले, तर घरात मुंग्यांचा बाजार आणि चुलीपाशी मांजर व्यालेली.

हौसा म्हणाली, "घरात माणूस नाही, मग दूध कोण पिणार, उंबरा? राखून ठेवायचं. माणूस आला की द्यायचं."

"बरं."

मग मास्तर चार दिवस बाहेर गेले. गेनूनं चारही दिवसांचं दूध एका किटलीत राखलं. मास्तर एसटीतून उतरताच किटली हातात दिली.

"गुरुवारचं तळाला आहे. आधी वरचं प्या."

मास्तरांनी झाकण उघडलं. पाच मिनिटं थांबणारी एसटी तशीच सुटली.

हौसानं कपाळ बडवलं. "माणूस नसेल तर त्याच्या नावाचं काही साठवू नका. टाकून द्या आणि विसरा."

"बरं."

दोन दिवसांनी हौसा नदीवर गोधड्या धूत होती. लेकीला, शेवंताला, पाहून गेलेल्या पाहुण्यांचा माणूस घरी आला. "हौसाबाईंना सांगा, मुलगी पसंत आहे. सोमवारी सुपारी फोडायला या."

हौसा घरात नव्हती. गेनूनं निरोप टाकून दिला आणि विसरला.

सोमवार गेला. पाहुणे वाट पाहून पेटले. हे कानावर येताच हौसा अनवाणी धावली, पदर पसरला, तेव्हा विहीणबाई नाक वर करून म्हणाल्या, "शुक्रवारी आम्हीच येतो."

घरी येऊन हौसानं नवऱ्याला समोर बसवलं. "दूध नासतं. निरोप नासत नाही. ज्याच्यासाठी बोललेलं कानावर पडेल ते मनात राखायचं. तो दारात आला की पहिल्यापासून सांगायचं, एक अक्षर गाळायचं नाही. आता चुकलात तर पोरगी जन्मभर घरात बसेल."

"बरं."

शुक्रवारपर्यंत हौसा धारा काढता काढता विहीणबाईंवर तोंड सोडत होती. "येऊ दे, सांगते तिला." गेनू शेजारी बसून मन लावून ऐकत होता.

शुक्रवारी पाहुणे आले. शेवंतानं चहा दिला. मुलाच्या मामांनी सुपारी हातात घेतली. गेनू हात जोडून उभा राहिला.

"विहीणबाई, तुमचे निरोप साठलेत. मंगळवारचा: तुमच्या नाकावर माशी बसली तर घसरून पडेल. बुधवारचे दोन. पहिला: पोराला मिशी फुटेना आणि आईच्या मिशीला पीळ. दुसरा: आमच्या रेड्याला तुमच्यापेक्षा रीत आहे."

हौसानं डोळे वटारले. गेनूला वाटलं, काहीतरी गाळलं. त्यानं मंगळवारपासून पुन्हा सुरुवात केली.

मामांनी सुपारी खाली ठेवली. विहीणबाई उठल्या. "पुरे. बंद करा हे."

गेनूचा जीव भांड्यात पडला.

"हौसे, ऐकलंस? त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. विहीणबाईंचा रतीब बंद."