बाबांचा वाडगा

"पण सगळ्यांत चांगलं दुकान कुठलं? तेवढं एक सांगा, गुरुजी."

तोकुजीने पुन्हा विचारलं. म्हातारे भिक्षू एन्काई देवळाच्या ओसरीवर मुळे वाळत घालत होते. त्यांनी मान वर केली नाही. दोरीचं एक टोक तेवढं त्याच्या हातात दिलं.

"धर."

धरावंच लागलं. लहानपणी ज्यांनी मांडी घालून स्वस्थ बसायला शिकवलं, त्यांनी हातात दिलेली दोरी टाकून कसं निघणार? पण तोकुजीचा जीव टांगणीला लागला होता, आणि गुरुजी निवांत दोरीला मुळे बांधत होते.

आता त्याची घाई काय होती, ते सांगतो. तोक्यो शहरातली कामेझाका ही पेठ. तिथे रामेनची दुकानं इतकी, की एकातून निघालेला माणूस दुसऱ्याच्या दारातल्या पडद्यावर जाऊन आदळतो. रामेन म्हणजे काय, तर हाडांच्या उकळत्या रश्शात सोडलेल्या शेवया, वर मांसाचे काप आणि कांद्याची पात. सांगायला एवढंच. पण त्या एवढ्याशावर तोकुजीने नाव कमावलं होतं. तो एका मासिकात रामेनची पारख लिहायचा. त्याने वाखाणलं, की त्या दुकानासमोर रांग लागे. त्याने नाक मुरडलं, की मालकाची झोप उडे. चमचाभर रस्सा जिभेवर घेऊन हाडं किती उकळली आहेत ते तो सांगायचा, आणि सांगताना त्याची मान जरा ताठ व्हायची. माणूस वाईट नव्हता हो. पण स्वतःच्या जिभेपुढे त्याला सगळं जग अळणी वाटायचं.

आणि त्याचे वडील गेन्झो टेकडीवरच्या इस्पितळात पडून होते. कित्येक दिवस पाण्यापलीकडे त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं. कुणी घास पुढे केला, की ते तोंड फिरवत. डॉक्टरांनी तोकुजीला बाहेर बोलावून हळूच सांगितलं होतं, की आता ते जे मागतील ते द्या आणि उद्यावर टाकू नका.

आज सकाळी गेन्झोंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "रामेन आण. तुला आवडेल तिथलं."

तोकुजीला इतका आनंद झाला, की तो जोडे नीट न घालताच बाहेर पडला. आणि जिना उतरता उतरता त्याच्या मनात आलं. हा त्यांचा शेवटचा घास असला तर? आणि तोच आपण चुकीचा नेला तर?

तेव्हापासून त्याच्या पायाला नुसती भिंगरी होती. दुकानात शिरायचं, चमचाभर चव घ्यायची, वाडगा तसाच ठेवून बाहेर पडायचं. इथे मीठ जास्त. तिथे वर चरबीचा तवंग. एके ठिकाणी रस्सा उत्तम, तर शेवया गिळगिळीत. ज्या दुकानाला त्याने स्वतः डोक्यावर घेतलं होतं, तिथेही आज त्याला काहीतरी खुपलंच. दुपार कलायला लागली, तरी त्याचे हात रिकामेच होते.

हे सगळं त्याने गुरुजींना एका दमात सांगितलं. गुरुजींनी आणखी एक मुळा बांधला.

"तुला कुठलं आवडतं?"

तोकुजी मनातल्या मनात एकेका दुकानात जाऊन आला. दोष हवे तेवढे सांगता आले असते. पण आवडतं? ते त्याला आठवेचना. हे कधी झालं, कसं झालं, कुणास ठाऊक.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. इस्पितळाचा नंबर पाहून त्याने तो घाईघाईने कानाला लावला. पलीकडून परिचारिका बोलत होती. गेन्झो जागे आहेत, मुलगा आला का म्हणून सारखं विचारताहेत, पण फार थकलेत, तेव्हा जमेल तितक्या लवकर या, असं तिचं म्हणणं.

"गुरुजी, वेळ नाही हो माझ्याकडे." तोकुजीचा आवाज चिरकला.

गुरुजींनी दोरीचं टोक त्याच्या हातातून काढून खांबाला बांधलं. आत जाऊन ते झाकणाचा एक डबा घेऊन आले आणि चालू लागले.

तोकुजी मागोमाग निघाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला एखादं दुकान ठाऊक असणार. गल्लीच्या पोटातलं, कुणाला माहीत नसलेलं. आपल्याही नजरेतून सुटलेलं.

गुरुजी देवळासमोरच्या दुकानात शिरले.

तोकुजी दारातच थबकला. हे दुकान त्याने सकाळी सगळ्यांत आधी बाद केलं होतं. बाद कसलं, आत पाऊलही टाकलं नव्हतं. ना चांगलं, ना वाईट, असं ते दुकान. इथे लोक पोट भरायला येत आणि पोट भरून जात.

"इथे?" तो म्हणाला.

गुरुजी बाकावर बसले होते. त्यांनी एकच वाडगा मागवला. वाडगा आला, तो त्यांनी तोकुजीपुढे सरकवला आणि डबा मांडीवर घेऊन ते शेजारी बसून राहिले.

तोकुजीने चमचाभर रस्सा घेतला. सवयीने डोळे मिटले, सवयीनेच चमचा खाली ठेवला. हाडं जास्त उकळली आहेत, आलं कमी पडलंय, आणि हे असलं बाबांच्या पुढे ठेवायला आपला हात धजणार नाही, असं त्याने सांगून टाकलं.

"गेन्झो काय खायचा?" गुरुजींनी विचारलं.

"बाबांना रामेनमधलं काही कळत नाही," तोकुजी म्हणाला. मग थांबला. "कळणार कसं? त्यांनी स्वतःसाठी कधी वाडगा मागवलाच नाही. रविवारी मला पेठेत घेऊन यायचे. एकच वाडगा. मला भूक नाही, तू खा, म्हणायचे. आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसायचे."

"मग?"

"मग माझं पोट भरलं, की वाडगा पुढे ओढून उरलेलं खायचे. माझं उष्टं. तोवर शेवया फुगलेल्या असायच्या, रस्सा कोमट झालेला असायचा..." त्याचे डोळे भरून आले. ते त्याने बाहीने पुसले. "म्हणून म्हणतो, गुरुजी. जन्मभर त्या माणसाने माझं उरलंसुरलं खाल्लं. आज तरी त्यांच्यापुढे अख्खा, गरम, सगळ्यांत चांगला वाडगा जायला हवा. तेवढंही मला जमू नये?"

समोरच्या वाडग्यातली वाफ विरळ होत चालली होती.

तोकुजीचं तिकडे लक्ष गेलं आणि तो गडबडला. शेवया फुगायला लागल्या होत्या. बोलण्याच्या नादात हाही वाडगा वाया गेला होता. आणि टेकडी चढून इस्पितळात जाईपर्यंत कुठल्याही दुकानातल्या शेवया फुगणारच, हे सकाळपासून मनात टोचत असलेलं भय त्याने आता पहिल्यांदा बोलून दाखवलं. कितीही चांगलं शोधलं, तरी बाबांपर्यंत पोचेल ते फुगलेलं आणि कोमटच. मग हे सगळं धावणं कशासाठी होतं? आणि रिकाम्या हाताने तरी कसं जायचं? ते वाट बघताहेत.

"सकाळपासून काय खाल्लंस?" गुरुजींनी विचारलं.

"सगळीकडे चव घेतली."

"खाल्लंस काय?"

तोकुजीच्या पोटात कावळे ओरडत होते, ते त्याला आत्ता कुठे ऐकू आले.

गुरुजींनी मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि रिकामा डबा वाडग्याशेजारी ठेवला. मग चॉपस्टिक्सची जोडी उचलून तोकुजीच्या हातात दिली. त्याची बोटं त्यांनी क्षणभर आपल्या मुठीत धरून ठेवली.

"आता तुझं पोट भरेपर्यंत खा," ते म्हणाले. "उरेल ते त्याला ने."